फ्रिजवरचा कागद

रविवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मार्लिस पेल्कोनेनने ओव्हन बंद केला आणि भावाला फोन लावला. तिचा नवरा डुएन आणि डुएनचा भाचा कर्ट हार्जू शुक्रवारी पहाटे मासेमारीला गेले होते. फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या कागदावर परतीची वेळ पाच लिहिली होती.

“लाइल, ते दोघं अजून आले नाहीत.”

“काल वारा बघितलास ना? बसले असतील एखाद्या बेटावर शेकोटी करून. डुएन काय पहिल्यांदा अडकलाय?”

“ओव्हनमधला मीटलोफ वाळून दगड झालाय.”

“मग नेहमीसारखाच झालाय. खाईल तो.”

ती हसली नाही. “कागदावर बिग हेरन सरोवर लिहिलंय, पश्चिमेचा धक्का. शेरीफच्या ऑफिसात, पोलिसांना कळवू?”

लाइल वुओरी आरामखुर्चीत डावा पाय वर करून बसला होता. गुडघा बदलून पाच आठवडे झाले होते.

“थोडं थांब,” तो म्हणाला. “रस्त्यात असतील.”

फ्रिजवरच्या कागदावरचं अक्षर त्याचंच होतं. आणि डुएन बिग हेरनला गेलेला नाही, हे त्याला माहीत होतं.

चौदा वर्षांपूर्वी लाइल, डुएन आणि कर्ट ओटर नावाच्या एका लहान सरोवरात वॉलाय मासे धरत. तिथे पाण्याखाली एक खडक होता आणि त्याच्या कडेला हाताएवढे लांब मासे येत. एकदा मार्लिसने आमिषाच्या दुकानात सहज सांगितलं की आमची माणसं ओटरला गेलीत. पुढच्या शनिवारी ओटरच्या धक्क्यावर बोटी वाहून आणणारे सव्वीस ट्रेलर उभे होते. दोन वर्षांत त्या खडकावर बोटभर माशांशिवाय काही उरलं नाही.

त्या शनिवारनंतर लगेच तिघांनी नियम ठरवले होते. फोटोत माशामागे फक्त आकाश दिसायला हवं, किनारा नाही. बोट पाण्यात सोडली की ट्रक आणि ट्रेलर धक्क्यावर ठेवायचे नाहीत. दूर नेऊन झाडीत लपवायचे, कारण या भागात लोक माणसापेक्षा त्याचा ट्रक लवकर ओळखतात. गावातल्या दुकानात खरेदी करताना भलत्याच माशाचे गळ मागायचे, तेही जरा मोठ्याने. कर्टकडे उपग्रहावरून ठावठिकाणा कळवणारं यंत्र होतं. ते चालू असलं की सगळा मार्ग घरच्यांच्या फोनवर नकाशात उमटे, म्हणून ते घरी ठेवायचं. आणि फ्रिजवरच्या कागदावर दुसऱ्याच सरोवराचं नाव लिहायचं. परतीची वेळ मात्र खरी.

कागद लाइल लिहायचा. तीस वर्षं शाळेची बस चालवताना रोज हजेरी भरून त्याचं अक्षर वळणदार झालं होतं. मार्लिस ते अक्षर ओळखायची, पण नियमांतलं तिला काहीही ठाऊक नव्हतं.

या वर्षीची सफर जानेवारीत लाइलच्या गॅरेजमध्ये ठरली. डुएन ऑक्टोबरात साठ वर्षांचा होणार होता. माजी सैनिकांच्या क्लबात भिंतीवर एक लाकडी फळी आहे. तीस इंच किंवा त्याहून लांब वॉलाय धरणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरतात. लाइलचं नाव एकदा होतं, कर्टचं दोनदा. डुएनचा सगळ्यात मोठा मासा एकोणतीस आणि पाऊण इंच भरला होता. दोन साक्षीदारांसमोर तीन वेळा मोजून तो तेवढाच राहिला.

“या खेपेला शेपटी जरा ओढून मोजू या, मामा,” कर्ट म्हणाला.

“तुझा कान ओढून मोजतो आधी.”

“पाव इंचाचा तर प्रश्न आहे. तुझ्या पोटातून देता आला असता तर केव्हाच दिला असतास.”

“लाइल, याला घरी पाठव.”

“पाठवला तर ट्रक कुणाचा नेणार?” लाइल म्हणाला आणि नकाशा बाकावर पसरला.

त्या नकाशावर तिघांचं चौदा वर्षांचं काम होतं. कुठल्या खडकावर किती फूट पाणी, कुठल्या वाऱ्यात कुठली बाजू, चांदण्याच्या कुठल्या पंधरवड्यात काय लागलं, सगळं पेन्सिलीने बारीक लिहिलेलं. त्यांनी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा निवडला. तेव्हा पाणी गोठण्याच्या जरा वर असतं. मोठ्या माद्या थंडीच्या आधी पोट भरायला खोल पाण्यातून खडकाच्या कडेला येतात आणि सूर्य कलताना तासभर तोंड उघडतात. इतर मासेमार तोवर बोटी झाकून शिकारीच्या बंदुका पुसायला बसलेले असतात. ठिकाण ठरलं स्लेट सरोवर, बावीस फुटांवरचा उत्तरेकडचा खडक. लाइलने तो सहा वर्षांपूर्वी शोधला होता.

जुलैत तिघं स्लेटला गेले तेव्हा त्या खडकावर एक अनोळखी हिरवी बोट नांगर टाकून उभी होती. कर्टने इंजिन बंद केलं. मग कर्टने लाइलकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” लाइल म्हणाला.

“बघायला बंदी आहे?”

डुएन म्हणाला, “सोड. सरोवर काय कुणाच्या बापाचं नाही.” तो विषय पुन्हा निघाला नाही.

लाइलचा उजवा गुडघा एप्रिलमध्ये बदलला होता. व्यायाम करून घेणारा तरुण मासेमारीचा वेडा होता आणि रोज पाऊण तास गप्पा मारायचा. गुडघा वाकवताना दुखायचं तेव्हा लाइल त्याला माशांच्या गोष्टी सांगायचा. सरोवराचं नाव त्याने कधीच घेतलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता की खाणीच्या जुन्या रस्त्याने गेलं की पाटीसारखा काळा दगड लागतो, त्याच्या पलीकडे.

सप्टेंबरात डावा गुडघा झाला. ऑक्टोबरची सफर लाइलशिवाय होणार हे नक्की झालं. डुएन येऊन नकाशा घेऊन गेला. “ओल लागलीय, प्लास्टिकमध्ये घालून आणतो,” म्हणाला. आणला नाही. सफरीच्या दोन दिवस आधी तो पुन्हा आला, सोबत हरणाच्या मांसाचं सॉसेज घेऊन, आणि कोरा कागद पुढे केला.

“लिही. बिग हेरन, पश्चिमेचा धक्का, रविवारी पाच.”

लाइलने लिहिलं. “स्लेटच ना?” त्याने विचारलं.

“अजून कुठे?” डुएन म्हणाला.

शनिवारी दुपारी वायव्येचा वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत चार इंच बर्फ पडला. रविवारी रात्री पावणेनऊला मार्लिसने भावाला न विचारता शेरीफच्या ऑफिसात फोन केला. सोमवारी सकाळी सात वाजता बिग हेरनच्या धक्क्यावर नऊ बोटी, दोन पाणबुडे आणि गावातली चाळीसएक माणसं जमली. शोधाची सूत्रं डेप्युटी शेरीफ जनेल बोल्यूकडे होती. शाळेत असताना ती लाइलच्या बसने जायची.

धक्क्यावर ट्रक नव्हता. जनेलने कागद पुन्हा वाचला आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. “ट्रक दुसरीकडे ठेवला असेल,” कुणीतरी म्हणालं. बोटी पाण्यात गेल्या.

लाइल कुबड्यांवर किनाऱ्याशी उभा होता. त्याने मनाशी हिशोब मांडला होता. वारा पहाटे पडला होता. स्लेटवर अडकलेली माणसं उजाडताच निघाली तर दुपारपर्यंत गावात येतील. बोललं तर या चाळीस माणसांपैकी प्रत्येकाला स्लेटचा खडक कळेल, आणि डुएन तीस इंचांशिवाय म्हातारा होईल. न बोललं तर काही बिघडत नाही, फक्त लोकांची एक सकाळ जाते. हे त्याने पुढे जनेलला याच शब्दांत सांगितलं आणि तिने ते तसंच लिहून घेतलं.

बारा वाजता मार्लिसने त्याला कॉफी आणून दिली. तिच्या अंगात डुएनचं खाणीतलं जुनं जाकीट होतं. समोर एक पाणबुडा तिसऱ्यांदा पाण्यात उतरत होता.

“थंडी किती असेल रे खाली?” तिने विचारलं.

“असेल बरीच.”

“डुएनला पोहता येतं, पण त्या जड बुटांत नाही.”

लाइलने कप खाली ठेवला. एक पन्नासला तो कुबड्या टेकत जनेलच्या गाडीपाशी गेला.

“जनेल, इथे नाहीत ते.”

“म्हणजे?”

“स्लेटला गेलेत. कागद खोटा असतो.”

तिने वही उघडली. “असतो म्हणजे? नेहमी?”

“चौदा वर्षं.”

“लाइल, पाणबुड्यांना खाली पाठवलंय मी. सकाळपासून. आणि तुम्ही इथे उभे होतात?”

“हो.”

“कधीपासून माहीत होतं?”

“काल संध्याकाळी सहा चाळीसपासून.”

ती लिहीत राहिली. एकोणीस तास, दहा मिनिटं. आकडा तिने अहवालात घातला.

मार्लिसला ते जेवणाच्या टेबलापाशी कळलं. चर्चमधल्या बायका ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश वाढत होत्या. त्या आपणहून बाजूला झाल्या.

“चौदा वर्षं मी तो कागद वाचतेय,” ती म्हणाली.

“वेळ खरी असायची.”

“वेळ.” तिने हातातला चमचा पुसला आणि खाली ठेवला. “ओटरमुळे, होय ना? मी बोलले म्हणून.”

“तुला कुणी दोष दिला नाही, मार्लिस.”

“दोष दिला असतात तर बरं. मी परत बोलले नसते. सांगून तरी बघायचं एकदा.”

स्लेटला पोचायला तासभर लागला. तिथे ट्रक लपवायची त्यांची जागा म्हणजे एक बंद पडलेली खडीची खाण. जनेल आधी तिथे गेली. शनिवारचा बर्फ खाणीत कडेपासून कडेपर्यंत सपाट पडला होता. ट्रक उभा असता तर बर्फाखाली त्याचा उंचवटा दिसला असता. रविवारी निघून गेला असता तर चाकांच्या खुणा राहिल्या असत्या. दोन्ही नव्हतं. कोल्ह्याची पावलं तेवढी होती.

तरीही सोमवारची उरलेली दुपार आणि मंगळवारचा पूर्ण दिवस स्लेट शोधलं. बोटींवर पाण्याचा तळ दाखवणारे पडदे होते. उत्तरेकडच्या खडकावरून जाताना एका स्वयंसेवकाने पडद्यावरचं बटण दाबून जागा साठवली. लाइल त्याच बोटीत बसला होता. त्याने पडद्याकडे पाहिलं. तो माणूस वर न बघता म्हणाला, “नोंदीसाठी.” मंगळवारी तीन वाजता शोध तासभर थांबला, तेव्हा दोघा स्वयंसेवकांनी गळ टाकून पाहिले. जनेलने त्यांना घरी पाठवलं.

मंगळवारी संध्याकाळी मार्लिसच्या स्वयंपाकघरात लाइल तिला म्हणाला, “मी विचारलं होतं त्याला. स्लेटच ना, असं सरळ विचारलं. हो म्हणाला.”

“हो म्हणाला?”

“अजून कुठे, म्हणाला.”

मार्लिसने फ्रिजकडे पाहिलं. चुंबक जागेवर होतं. “म्हणजे तुझ्याही फ्रिजवर खोटाच कागद,” ती म्हणाली.

मग लाइलने तिला व्यायामवाल्या तरुणाचं सांगितलं, हिरव्या बोटीचंही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जनेलला फोन लावून त्याच्या हातात दिला.

बुधवारी दोन गोष्टी कळल्या. कर्टच्या घरी ड्रॉवरमध्ये त्याचं उपग्रहाचं यंत्र सापडलं, सेल काढून ठेवलेलं. डुएनने नेलेला नकाशा तिथे नव्हता, डुएनच्या घरीही नव्हता. आणि आमिषाच्या दुकानातल्या टॅमीने सांगितलं की कर्टने गुरुवारी दोनशे फूट नवा दोर आणि दुप्पट वजनाचा नांगर नेला.

“आणि गळ?” लाइलने विचारलं.

“पाइक माशाचे मोठे चमचे, ते चकचकीत पत्र्याचे गळ. दुकानभर ऐकू जाईल असं मागत होता. मी म्हटलं, ऑक्टोबरात पाइक? तर म्हणे, पाइकला कॅलेंडर वाचता येत नाही.”

लाइल जनेलच्या गाडीत येऊन बसला. बावीस फुटांच्या खडकावर शंभर फूट दोर पुरतो आणि तो त्यांच्या बोटीत होताच. दोनशे फूट आणखी लागतो तो खोल पाण्यात, वाऱ्यात बोट धरून ठेवायला. त्याने जनेलच्या वहीत खोल सरोवरांची यादी लिहिली. नकाशा आठवून आठवून सात नावं झाली. त्यांतली दोन सरोवरं रस्त्यापासून इतकी आत होती की तिघांनी त्यांवर फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

गुरुवारपर्यंत चार सरोवरं पाहून झाली. पारा रोज रात्री गोठणबिंदूच्या बराच खाली जात होता. स्वयंसेवक चाळीसचे अकरा झाले. हरणांच्या शिकारीचा मोसम नऊ दिवसांवर आला होता आणि लोकांना मचाणं बांधायची होती.

त्याच मचाणांमुळे ट्रक सापडला. शुक्रवारी दुपारी दोन पन्नासला एका शिकाऱ्याने कळवलं की लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यावर, फाट्याजवळच्या ओंडक्यांच्या पडीक वखारीत, स्प्रूसच्या फांद्यांनी झाकलेला निळा ट्रक आहे. मागे ट्रेलर आहे, बोट नाही. ट्रकमध्ये ठेवलेली कर्टची एटीव्ही, जंगलात चालवायची ती चारचाकी, तीही नाही. बोट पाण्यात सोडून ट्रक इथवर आणून लपवला आणि एटीव्हीवरून परत सरोवराशी गेले, हे लाइलला सांगावं लागलं नाही. जनेलला आता ते कळत होतं.

फाट्यावरून उत्तरेला चार मैलांवर केटल सरोवर आहे. कडा सरळ नव्वद फूट खाली उतरतात. पूर्वेला पाच मैलांवर ॲश आहे, खडकाळ, पण कुठेच तीस फुटांपेक्षा खोल नाही. केटल लाइलच्या यादीत सहावं होतं. ॲश यादीत नव्हतं. बर्फाखाली गेल्या शुक्रवारच्या खुणा राहिल्या नव्हत्या.

जनेलने गाडीच्या टपावर नकाशा पसरला. मार्लिस तिच्या शेजारी उभी होती.

“विमान एकच आहे,” जनेल म्हणाली. “ढग खाली येतायत. पायलट म्हणतो, फार तर एका सरोवरावर नीट फिरता येईल. दुसरीकडे मी एटीव्हीवरून माणसं पाठवते, पण ओढ्यावरचा पूल गेलाय. ती अंधार पडल्यावर पोचतील. उजेड कुठे द्यायचा, तेवढं सांगा.”

“दोर,” लाइल म्हणाला. “दोनशे फूट दोर ॲशसाठी कुणी नेत नाही.”

“मग केटल.”

लाइलने मान हलवली, पण तो नकाशाकडेच बघत राहिला. “तो दोर त्याने टॅमीकडून घेतलाय,” तो म्हणाला.

“मग?”

“टॅमीकडून आम्ही खरं सामान कधीच घेत नाही. पाइकचे चमचे घेतो.”

जनेलने पेन खाली घेतलं. “म्हणजे दोरही दाखवायला घेतला असेल?”

“असेल. नसेलही. नांगर जड होता. एवढा जड नांगर कुणी नुसता दाखवायला नेत नाही.”

“तुम्ही तिघं न्याल?” मार्लिसने विचारलं.

लाइलने बहिणीकडे पाहिलं. “चौदा वर्षांत एकदा नेला होता,” तो म्हणाला.

विमानाचं इंजिन धावपट्टीवर आधीच चालू होतं. पायलट रेडिओवर दुसऱ्यांदा विचारत होता. चार वाजून दोन मिनिटांनी लाइल केटल म्हणाला. जनेलने ते रेडिओवर सांगितलं आणि चार माणसांना दोन एटीव्हींवरून ॲशकडे पाठवलं. त्यांनी सोबत कुऱ्हाड, दोर आणि बर्फावरून ओढायच्या दोन स्लेड घेतल्या. त्या दिवशी सकाळी दोन्ही सरोवरांच्या कडेला पाऊण इंच पाणी गोठलेलं होतं. एवढ्या बर्फातून बोट जात नाही आणि त्यावर माणूस उभा राहत नाही.

चार पन्नासला पायलटचा पहिला निरोप आला. केटलची पश्चिम बाजू पाहून झाली, काही दिसलं नाही, ढग चारशे फुटांवर आलेत, पूर्वेच्या बाजूने एक फेरी मारून परततो. एटीव्हीवरची माणसं त्या वेळी ओढ्यापाशी होती. पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांनी कळवलं की पलीकडच्या काठावर चिखल गोठलेला आहे आणि त्यात ॲशकडे जाणारी चाकांची एक रेघ आहे. कधीची आहे ते सांगता येत नाही.